थंडी-ताप, पोटदुखी आणि कावीळ एकाच वेळी आली तर

वस्तीत कोणाचे डोळे पिवळे दिसले की पहिला सल्ला मिळतो तो माळेचा. अमक्या गावचा बाबा डोक्यावर माळ ठेवतो, ती लांबत जाऊन पायापर्यंत येते आणि कावीळ उतरते. दुसरा नाकात थेंब टाकतो. तिसरा चुन्याच्या पाण्याने हात धुतो आणि पाणी पिवळे झालेले दाखवतो. हे झाले कावीळीचे. हुडहुडी भरून ताप आला तर मलेरिया किंवा टायफॉइड समजून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि एक सलाईन. पोटात उजव्या बाजूला, बरगडीखाली दुखले तर “पित्त झालंय” म्हणून मेडिकलमधून गॅसची गोळी.

तीन तक्रारींसाठी तीन दारे. प्रत्येक दारात माणसाचे दोन-तीन दिवस जातात. या तिन्ही तक्रारी एकाच माणसाला एकाच आठवड्यात असतील, तर त्या तीन आजारांच्या नसून एकाच आजाराच्या असण्याची दाट शक्यता असते, हे कोणी सांगत नाही. तो आजार म्हणजे पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग. रुग्णालयात त्याला कोलँजायटिस म्हणतात. त्याच्यावर उपचार आहे, चांगला उपचार आहे, आणि वेळेत मिळाला तर बहुतेक माणसे चालत घरी जातात. पण हा आजार आठवड्याचा हिशेब ठेवत नाही, तासांचा ठेवतो.

मी वॉर्डात नर्स म्हणून काम केले, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. वॉर्डात असताना हा रुग्ण माझ्यापर्यंत यायचा तो शेवटच्या दारातून. आधीची तीन दारे कशी असतात, ते वस्तीत फिरायला लागल्यावर कळले.

पित्त म्हणजे नेमके काय

आपल्या बोलण्यात ‘पित्त’ या शब्दाने फार घोळ केला आहे. छातीत जळजळले की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. सकाळी डोके दुखून उलटी झाली की पित्त. छातीत जळजळते ते जठरातले आम्ल असते, आणि अंगावरच्या गांधी ही बहुतेक वेळा ॲलर्जी असते. खरे पित्त यकृतात तयार होते, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. ते एका बारीक नळीतून आतड्यात उतरते आणि खाल्लेले तेल-तूप पचवायला मदत करते. वाटेत पित्ताशय नावाची छोटी पिशवी आहे, तिथे ते साठते. ही मुख्य नळी निरोगी माणसात साधारण ६ मिलिमीटरची असते, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही थोडी बारीक.

पित्ताशयात खडे होतात. बायकांमध्ये जास्त होतात, बाळंतपणे झालेल्यांमध्ये त्याहून जास्त. पुष्कळांचे खडे जन्मभर गप्प बसतात. पण एखादा खडा पिशवीतून घसरून नळीत येतो आणि अडकतो. खड्याशिवायही नळी बंद होऊ शकते: गाठ असेल, आधीच्या ऑपरेशनमुळे नळी आक्रसली असेल, आत ठेवलेली कृत्रिम नळी तुंबली असेल. कधी पोटातला मोठा जंतदेखील आतड्यातून वर चढून तिथे अडकतो.

मोरी तुंबली की काय होते ते आपल्याला सांगायला नको. पाणी साचते, सडते, उलटे वर येते. पित्तनलिकेतही तेच होते. एरवी पित्त जवळजवळ निर्जंतुक असते, कारण ते सतत वाहते. वाहणे थांबले की आतड्यातले जंतू त्यात वाढतात. मग नळीतला दाब वाढतो आणि ते जंतू यकृतातून थेट रक्तात ढकलले जातात. म्हणून हा आजार पोटाचा राहत नाही. काही तासांत तो सगळ्या रक्ताचा होऊ शकतो.

कोणती कावीळ साधी नाही

फ्रान्समधले डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये ही तीन लक्षणे एकत्र मांडली: थंडी वाजून ताप, पोटात वर उजवीकडे दुखणे आणि कावीळ. आजही डॉक्टर त्यांना शार्कोचे त्रिकूट म्हणतात. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या रेनॉल्ड्स आणि डार्गन या डॉक्टरांनी त्यात आणखी दोन गोष्टी जोडल्या: रक्तदाब कोसळणे आणि माणसाने असंबद्ध बोलू लागणे. ही दोन दिसली तर माणूस कड्याच्या टोकावर आहे असे समजा.

आपल्याकडे गढूळ पाण्यातून जी कावीळ पसरते, नळाच्या पाइपात गटाराचे पाणी मिसळले की अख्ख्या गल्लीत येते, ती हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. त्या कावीळीतही आधी ताप येतो, अन्नावरची वासना जाते. पण बहुतेक वेळा डोळे पिवळे होईपर्यंत ताप उतरलेला असतो. विषाणूवर ॲन्टिबायोटिक चालतच नाही, आणि पुष्कळ लोक विश्रांतीने बरे होतात. माळवाल्या बाबांचे नाव होते ते याच लोकांच्या जिवावर. (गरोदर बाईला मात्र हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. तिला कुठलीही कावीळ झाली तरी घरी ठेवायचे नाही.)

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: डोळे पिवळे झाल्यावरही खाट हलेल अशी हुडहुडी भरून ताप येत असेल, तर ती साधी कावीळ समजायची नाही. त्याबरोबर लघवी काळ्या चहासारखी, शौचाचा रंग पांढुरका, राखेसारखा, आणि अंगाला खाज असेल, तर पित्ताची वाट बंद झाल्याची शंका आणखी पक्की होते.

डोळे तपासायचे ते दिवसाच्या उजेडात, दारात उभे करून. पिवळ्या बल्बच्या खोलीत कावीळ दिसत नाही. पापणी वर करून पांढरा भाग पाहा.

म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत लक्षणे अर्धीच दिसतात. आजीला ताप नसतो, दुखतेही फारसे नाही. ती फक्त जेवत नाही, झोपून राहते आणि नातवाला भलत्याच नावाने हाक मारते. घरचे म्हणतात वयाचे झाले. डोळे पाहा, हातपाय गार आहेत का पाहा, सकाळपासून लघवी किती वेळा झाली ते विचारा.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेल आपल्याकडे आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. बौद्ध आणि आदिवासी घरांमध्ये तो जास्त आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळे द्रव्य जास्त तयार होते आणि पित्ताशयात काळसर खडे होतात. तेही चाळिशी-पन्नाशीत नाही, शाळा-कॉलेजच्या वयात. अशा मुलांचे डोळे एरवीही थोडे पिवळसर असतात, त्यामुळे घरच्यांचे लक्षच जात नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलाची आई मला म्हणाली होती, “ताई, त्याचे डोळे तर नेहमीच असे असतात.” नेहमीचे पिवळे आणि आजचे पिवळे यांत फरक होता. मुलाला दोन दिवस थंडी वाजत होती आणि लघवी गडद झाली होती. सगळे त्याला सिकलसेलचा क्रायसिस समजत होते. सोनोग्राफीत नळी फुगलेली आणि तिच्यात खडा दिसला. तो वाचला, आता कामाला जातो. ‘एसएस’ रुग्णाला ताप आला तर कारण काहीही असो, त्याच दिवशी रुग्णालय. आणि वर्षातून एकदा पोटाची सोनोग्राफी करावी का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

एका मावशींचे सहा दिवस

चार घरची पोळी-भाजी करणाऱ्या एक मावशी होत्या, वय छप्पन्न. सोमवारी रात्री थंडी वाजून ताप आला. मंगळवारी गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन आणि सलाईन. ताप उतरला, त्या बुधवारी कामावर गेल्या. इथेच फसगत होते. त्या इंजेक्शनमध्ये काय होते ते चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. वेदना आणि ताप दाबणारे काही दिले की माणसाला दोन दिवस बरे वाटते, नळी मात्र बंदच असते. गुरुवारी डोळे पिवळे. दीर त्यांना गाडीवर बसवून साठ किलोमीटरवरच्या बाबाकडे घेऊन गेला, त्याने हळद-तेल बंद करून उसाचा रस सांगितला. शुक्रवारी पुन्हा हुडहुडी. शनिवारी रात्री त्या मेलेल्या नवऱ्याशी बोलू लागल्या, तेव्हा मुलाने रिक्षा आणली.

पहिल्या खासगी रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली. दुसऱ्या रुग्णालयात दाखल केले, रक्तदाब वरचा ७०. सलाईन, ॲन्टिबायोटिक सगळे सुरू झाले, पण नळी मोकळी करायची सोय तिथे नव्हती. रविवारी दुपारी मोठ्या रुग्णालयात हलवले. सोमवारी पहाटे त्या गेल्या. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिले होते, नळीत ९ मिलिमीटरचा खडा. वाटाण्यापेक्षा थोडा मोठा.

मुलगा मला विचारत होता, “ताई, भारी इंजेक्शन आधी दिलं असतं तर?” त्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळी वस्ती हाच प्रश्न विचारते.

ॲन्टिबायोटिक काय करते आणि काय करत नाही

या आजारातले जंतू बहुतेक आपल्याच आतड्यातले: ई. कोलाय, क्लेबसिएला, कधी एन्टेरोकॉकस आणि हवेशिवाय जगणारे काही. ॲन्टिबायोटिक त्यांना रक्तात मारते, माणसाला तगवून धरते. पण तुंबलेल्या नळीतल्या पित्तात औषध पुरेसे पोहोचत नाही. तुंबलेल्या मोरीत कितीही फिनाइल ओतले तरी मोरी वाहती होत नाही. म्हणून उपचाराचे दोन पाय आहेत: औषध आणि नळी मोकळी करणे. एका पायावर हा उपचार फार काळ उभा राहत नाही. सौम्य आजारात नुसत्या औषधाने ताप उतरतो, हे खरे. कधी खडा आपोआप आतड्यात निसटूनही जातो. पण जो आत राहतो, तो पुन्हा कधी वाट अडवेल ते सांगता येत नाही.

औषध शिरेतूनच द्यावे लागते. उलट्या होणाऱ्या, रक्तदाब कमी असलेल्या माणसाला गोळी देऊन भागत नाही. म्हणूनच मेडिकलमधून आणलेल्या दोन-चार गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, उलट काही तासांपुरता झाकला जातो.

जपानी डॉक्टरांच्या पुढाकाराने या आजारासाठी ‘टोकियो गाइडलाइन्स’ तयार झाल्या, पहिल्यांदा २००७ मध्ये, नंतर २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारून. आपल्याकडचे तज्ज्ञही त्या वापरतात. त्या आजाराच्या तीन पायऱ्या करतात: सौम्य, मध्यम आणि तीव्र. तीव्र म्हणजे रक्तदाब, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू असे काही निकामी होऊ लागलेले. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला पहिला डोस एका तासाच्या आत गेला पाहिजे, बाकीच्यांना निदान झाल्यापासून सहा तासांच्या आत. हे तास मी मुद्दाम लिहिते आहे. रुग्णालयाच्या बाकावर पेपर बनण्याची वाट पाहत बसलेल्या नातेवाइकाला हे माहीत असले, तर तो उठून विचारू शकतो: “सिस्टर, पहिला डोस गेला का?” विचारा. चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पहिल्या डोसच्या आधी रक्ताचा नमुना ‘कल्चर’साठी घेतात. त्यातून कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणते औषध चालते ते दोन-तीन दिवसांत कळते. डोस आधी दिला तर कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. पण बाटली नाही म्हणून औषध अडवून ठेवायचेही नसते. छोट्या गावातल्या किंवा प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांनी पुढे पाठवायचे ठरवले तर त्यांना म्हणा, “पहिला डोस देऊन पाठवा, आणि कोणतं औषध किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिहा.” पुढच्या डॉक्टरांसाठी ती एक ओळ फार मोलाची असते.

कोणते औषध? याचे एकच उत्तर नाही. घरून आलेल्या, सौम्य आजाराच्या माणसाला सेफ्ट्रियाक्झोन, कधी जोडीला मेट्रोनिडाझोल. जास्त आजारी असेल तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफोपेराझोन-सल्बॅक्टम. फारच तीव्र असेल, किंवा माणूस नुकताच दुसऱ्या रुग्णालयात राहून आला असेल, आत आधीची नळी असेल, तर मेरोपेनेम किंवा इमिपेनेम. नावे पाठ करायची गरज नाही. पण डॉक्टर निवड कशावर करतात हे कळले तर आपण त्यांना योग्य माहिती देऊ शकतो. गेल्या तीन महिन्यांत कोणते ॲन्टिबायोटिक घेतले, कशाची ॲलर्जी आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. जुन्या स्ट्रिप फेकू नका, पिशवीत घालून आणा. नाव वाचता येत नसले तरी चालेल, स्ट्रिप बोलते. आणि माळ, काढा, झाडपाला घेतला असेल तर तेही सांगा, लाजू नका. काही काढे यकृताला इजा करतात, ते डॉक्टरांना माहीत असायला हवे.

आता ‘भारी इंजेक्शन’. नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, भारीतले भारी द्या. भारी म्हणजे महाग, असा आपला समज. पण सगळ्यात मोठे औषध साध्या जंतूवर उधळले की उद्या मोठ्या जंतूसाठी हातात काही उरत नाही. आपल्या देशातल्या रुग्णालयांत ई. कोलाय आणि क्लेबसिएला यांच्यावर सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधे चालेनाशी होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि याला आपली सर्दी-खोकल्यावर ॲन्टिबायोटिक खाण्याची सवयही कारण आहे. मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन, लेव्होफ्लॉक्सासिन अशी औषधे ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. आपल्या कोपऱ्यावर ही वही किती जणांनी पाहिली आहे? स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा इशारा.

कल्चरचा रिपोर्ट आला की चांगले डॉक्टर औषध बदलतात, मोठ्यावरून नेमक्यावर येतात. नातेवाइकांना वाटते, औषध कमी केले, पैसे नसल्यामुळे केले. तसे नसते. तेच योग्य असते. आणि एकदा नळी मोकळी झाली की पुढे साधारण चार ते सात दिवस औषध पुरते. रक्तात काही विशिष्ट जंतू सापडले तर दोन आठवडेही लागतात. किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारा आणि लिहून घ्या. ताप गेला म्हणून तिसऱ्या दिवशी घरी पळू नका, आणि भीतीपोटी पंधरा दिवस वाढवूनही मागू नका.

मावशींच्या मुलाला मी हेच सांगितले. भारी इंजेक्शन मंगळवारी दिले असते तरी एकट्याने पुरले नसते. मंगळवारीच कोणी लघवीचा रंग विचारला असता, पोट तपासले असते, एक सोनोग्राफी आणि बिलिरुबिनची तपासणी सांगितली असती, तर पुरले असते.

नळी मोकळी करणे

पूर्वी यासाठी पोट उघडून ऑपरेशन करावे लागे, आणि रक्तात जंतू पसरलेल्या माणसाला ते झेपत नसे. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र आजाराच्या ८२ रुग्णांपैकी ४१ जणांची नळी ऑपरेशनने मोकळी केली, ४१ जणांची तोंडातून दुर्बीण घालून. ऑपरेशनवाल्यांत १३ जण दगावले, दुर्बिणवाल्यांत ४. तेव्हापासून दुर्बिणीचा मार्गच पहिला झाला. त्याला ईआरसीपी म्हणतात.

रुग्णाला गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात. पित्तनलिका जिथे उघडते ते तोंड थोडे रुंद करतात, खडा बाहेर ओढतात. खडा मोठा असेल किंवा माणूस फार आजारी असेल तर तेवढ्यापुरती एक प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवून पित्त वाहते करतात. पोटावर टाका नाही. साधारणपणे हे २४ ते ४८ तासांत करावे, आणि रक्तदाब कोसळलेला असेल तर माणूस थोडा सावरताच. नंतर स्वादुपिंडाला सूज येणे, रक्त जाणे असे त्रास काहींना होतात. म्हणून ईआरसीपीनंतर पोटात जोरात दुखले तर “होईलच थोडं” म्हणून गप्प बसू नका. जिथे हे शक्य नसते तिथे बरगडीखालून सुई घालून यकृतातले पित्त बाहेरच्या पिशवीत काढतात. ती पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची आणि रोज किती पित्त आले ते लिहायचे.

ही सोय सगळीकडे नसते. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, नागपुरात सुपर स्पेशालिटी अशा ठिकाणी पोटविकाराचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या जिल्ह्यात ईआरसीपी कुठे होते हे आजारी पडण्याआधी शोधून ठेवणे हे वस्तीतल्या मंडळाचे काम. १०८ ची गाडी फुकट असते. रेशन कार्ड आणि आधार घरात एकाच पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, हा उपचार योजनेत बसतो का ते त्याला विचारा आणि तो नाही म्हणाला तर लिहून मागा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. आपण ज्या संविधानावर हात ठेवून बोलतो, त्याच्या कलम २१ चा यात थेट संबंध आहे. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका माणसाला पश्चिम बंगालमधल्या सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. रात्री दोन वाजता खिडकीवर वाद घालायला कोणाला बळ नसते, म्हणून रुग्णाबरोबर दोन माणसे जा. एक रुग्णाजवळ, एक कागदांमागे.

घरी आल्यावर

माणूस बरा होऊन घरी येतो, आणि डिस्चार्ज कार्डावरची एक इंग्रजी ओळ कोणी वाचत नाही: आत स्टेंट आहे. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. राहिला तर तोच तुंबतो आणि सगळा आजार पहिल्यापासून सुरू होतो, तोही आता रुग्णालयातल्या चिवट जंतूंसह. एक रिक्षावाले दादा चौदा महिन्यांनी पुन्हा थंडी-तापाने आले तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हते, की त्यांच्या पोटात प्लास्टिकची नळी आहे. “मला बरं वाटत होतं, मग कशाला जायचं?” असे ते म्हणाले. घरी सोडताना विचारा: “आत नळी ठेवली आहे का? कोणत्या तारखेला काढायची?” ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि शेजारणीलाही सांगून ठेवा.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे पित्ताशय. नळीतला खडा काढला तरी खडे तयार करणारी पिशवी आतच असते. माणसाची तब्येत झेपण्यासारखी असेल तर दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन लवकर, शक्य तर पुढच्या काही आठवड्यांतच करून घ्यावे. पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो, पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते. बायका हे ऑपरेशन पुढे ढकलतात: मुलीची परीक्षा, मग लग्नसराई, मग पावसाळा. ज्या घरी काम करतात तिथली सुट्टी मिळत नाही, हेही खरे कारण आहे. चार बायकांनी मिळून एकीच्या घरची कामे पंधरा दिवस वाटून घेतल्याचे मी एका वस्तीत पाहिले आहे. तिचे ऑपरेशन झाले, काम सुटले नाही. हळद आणि तेल सोडून खडे विरघळत नाहीत, आणि ऑपरेशननंतर हळद खाल्ली म्हणून कावीळ परतही येत नाही. सुरुवातीचे काही दिवस तळलेले कमी, बाकी घरात शिजते ते सगळे चालते.